मशीनवर घेतलेला आळ

दादा,

काल वहिनीने तुझी काळी ट्रंक उघडली. तुला जाऊन आज बावीस दिवस झाले. महिनाअखेर क्वार्टर सोडायचं आहे, म्हणून ती एकेक करून सामान आवरते आहे, आणि मी रोज खातीपुऱ्याहून छावणीत तिच्या मदतीला जाते. ट्रंकेत वर तुझे युनिफॉर्म होते, खाली लोकरीचं ब्लँकेट, आणि त्या ब्लँकेटच्या घडीत प्लास्टिकच्या दोन चपट्या डब्या. वहिनीने विचारलं, "सुलू, हे काय गं?" मी एक डबी उघडली, वरची स्लाइड उचलून खिडकीकडे धरली, आणि मला बाबा दिसले.

बाबा माझ्या अंगणात खाटेवर बसले होते. मांडीवर मिनू, चार वर्षांची. डोक्यावर गिरिराजने बांधलेला लाल साफा, एका कानावर घसरलेला. आणि ते हसत होते. आपले बाबा, साताऱ्याच्या हायस्कुलात ज्यांना पोरं वचकून असायची, ते तोंड उघडून हसत होते.

दादा, ही स्लाइड खराब झाली होती. तसं तू मला सांगितलं होतंस. विमानतळावरच्या एक्स-रेच्या मशीनने दोन्ही रोल खाल्ले, एकसुद्धा फोटो वाचला नाही, हे तू माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून सांगितलंस, आणि मी तुझ्या छातीवर डोकं ठेवून रडले. तीन वर्षं मी त्या मशीनला शिव्या घातल्या. मशीनने काहीच केलं नव्हतं.

मी खाली फरशीवर बसले. वहिनी घाबरली, पाणी आणायला धावली. तुझे युनिफॉर्म खाटेवर तसेच पडले होते, आणि मला पहिल्यांदा वाटलं, बरं झालं तू गेलास. हे मी लिहून ठेवते आहे, कारण तुझ्यापासून मी कधी काही लपवलं नाही. मला वाटायचं, तूही लपवत नाहीस.

तू काय होतास मला, हे तुला माहीत आहे. ऐंशी साली तुझं इथे जयपूरला पहिलं पोस्टिंग होतं. बी.ए. करून मी चार महिने तुझ्याकडे राहायला आले, आणि सांगानेरच्या कापडछपाईवाल्या घरातल्या गिरिराजशी लग्न ठरवून बसले. बाबांनी पत्र पाठवलं, "ती आम्हाला मेली." आईने तेवढंही लिहिलं नाही. लग्नाला आपल्याकडचं एकच माणूस होतं, तू. युनिफॉर्म घालून आला होतास. गिरिराजच्या घरच्या बायका कुजबुजल्या, "दुल्हन का भाई फौजी अफसर है," आणि माझी मान ताठ झाली. निघताना तू तुझा स्वतःचा कॅमेरा माझ्या हातात दिलास. म्हणालास, "तिकडे कुणी तुला बघायला येणार नाही. तू फोटो काढून पाठवत जा, मी दाखवेन."

तू शिकवलंस मला सगळं. उन्हाकडे पाठ करून उभं राहायचं, श्वास रोखून बटण दाबायचं, फिल्म नेहमी सावलीत घालायची. मधली वर्षं तू पठाणकोटला होतास, तरी पत्रातून शिकवत होतास. मग तुझी पुन्हा जयपूरला बदली झाली, आणि बाबा तुझ्याकडे आले.

ते आठ दिवस आठवतात तुला? कसे नाही आठवणार! तूच रोज सकाळी बाबांना स्कूटरवर मागे बसवून माझ्या फाटकाशी सोडायचास. पहिल्या दिवशी ते फाटकातच उभे राहिले. मी पुढे होईना, ते आत येईनात. शेवटी मिनू त्यांचं बोट धरून म्हणाली, "नानाजी, अंदर आओ ना, धूप है." बाबा आत आले. पहिलं वाक्य काय बोलले? "हिला मराठी शिकवली नाहीस का?" आणि त्या दिवसापासून ते तिला शिकवायला बसले.

स्लाइडची फिल्म तू आणलीस, कारण बाबांचा तो जुना प्रोजेक्टर. साताऱ्याला भिंतीवर चादर लावून आपण सगळे बघायचो. बाबा म्हणाले, "तुझ्या आईला मी तोंडाने सांगितलं तर तिला खरं वाटायचं नाही. तिला चादरीवर दाखवतो. मग ती आपणहून पिशवी भरेल. तोवर तिला कुणी काही कळवायचं नाही." तू, मी आणि वहिनी, तिघांनी मान डोलावली. स्लाइडची फिल्म तेव्हा जयपुरात धुऊन मिळत नव्हती. तुला पुढच्या महिन्यात मुंबईला जायचं होतं. तू विमानाने रोल न्यायचे, मुंबईला धुवायचे आणि साताऱ्याला पोचवायचे, असं ठरलं.

आणि विमान म्हटल्यावर तूच मला घाबरवलंस. विमानं पळवायचे प्रकार वाढले होते, सामान आता मशीनमधून काढतात म्हणालास. "त्या मशीनचा उजेड आपल्याला दिसत नाही सुलू, पण फिल्मला दिसतो. कातड्याच्या पिशवीतूनसुद्धा आरपार जातो." मग तू मिलिटरी हॉस्पिटलातून एक्स-रेवाल्यांचा फाटका, टाकून दिलेला शिशाचा एप्रन आणलास. मी त्याची पिशवी शिवायला घेतली आणि दोन सुया मोडल्या. बाबा बाजूला बसून मोजत होते आणि हसत होते. शेवटी स्टेशनजवळच्या मोच्याकडून शिवून घेतली. तू मला समजावलंस की नुसती पिशवी पुरत नाही. मशीनवाल्याला आत काळा गोळा दिसला की तो पिशवी उघडतो आणि रोल सुटे करून पुन्हा मशीनमध्ये घालतो. म्हणून रांगेतच रोल हातात काढून ठेवायचे, आणि गोड बोलून सांगायचं, भैया, हे हाताने बघा.

बाबा गाडीने परत गेले. वहिनी सुट्टीला त्यांच्याबरोबरच गेली. आणि त्यानंतर नवव्या दिवशी बाबा गेल्याची तार आली.

त्याच दुपारी तुला विमानात जागा मिळाली. मी सांगानेरला विमानतळावर आले, हातात शिशाची पिशवी. एक रोल पूर्ण होता, दुसऱ्यात तीन फोटो उरले होते, म्हणून तो कॅमेऱ्यातच ठेवला होता. मी म्हटलं, "मीही येते." तू म्हणालास, "आत्ता नको. घरात माणसं असतील, कुणी काही बोलेल. आधी रोल धुऊन आईला दाखवतो. मग तार करतो, लगेच नीघ." मी म्हटलं, "उरलेले तीन आईचे काढ. चार वर्षं... पाच वर्षं झाली, मी तिला पाहिलं नाही." तू हो म्हणालास. दारापर्यंत मी ओरडून सांगत होते, "हाताने बघायला सांग! हाताने!" बाबांसाठी रडायचं सोडून मी फिल्मसाठी ओरडत होते. तिथल्या लोकांना मी वेडी वाटले असेन.

तार आली नाही. तू सतरा दिवसांनी आलास आणि खिशातून कोऱ्या फिल्मची एक पट्टी काढलीस. खिडकीच्या काचेसारखी स्वच्छ, आरपार. म्हणालास, "हवालदार ऐकेचना. पिशवीतून काढून तीन वेळा घातले. मिशाळ होता, अलवरकडचा. मी भांडलो त्याच्याशी." तू त्याला गावसुद्धा दिलंस, दादा.

मी आईला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं. बाबा आठ दिवस माझ्या घरी आले, माझ्या हातचं जेवले, मिनूला बाराखडी शिकवली. आईचं कार्ड आलं. लग्नानंतरचं तिचं एकुलतं एक अक्षर. "मेलेल्या माणसाच्या नावावर खोटं बोलू नकोस. ते तुझ्या दारात आले नव्हते, हे मला ठाऊक आहे." मी ते कार्ड घेऊन तुझ्याकडे धावत आले. तू वाचलंस, परत दिलंस आणि म्हणालास, "म्हातारी झाली गं ती. धक्का बसलाय. मी समजावतो तिला."

मी वाट बघितली. दर सुट्टीला तू साताऱ्याला जायचास आणि मी विचारायचे, "बोललास?" तू म्हणायचास, "बोललो. ऐकत नाही." मला वाटायचं, आईचं मन दगडाचं झालं आहे. जिने मला जन्म दिला तिच्याबद्दल मी असं बोलले, गिरिराजसमोर, मिनूसमोर. तू ऐकत बसायचास.

मी दोनदा शहाणी होऊ शकले असते. एकदा ती कोरी पट्टी मी स्टुडिओवाल्याला दाखवली, काही निघतंय का म्हणून. तो म्हणाला, "बाईजी, मशीन से इतनी साफ नहीं होती. यह तो किसी ने धूप में खोल दी है." मी म्हटलं, "मेरे भाई साहब लाए हैं," आणि पट्टी हिसकावून घेतली. दुसऱ्यांदा गिरिराजच्या एका व्यापाऱ्याला आणायला विमानतळावर गेले होते. उन्हाळा होता. दारावरच्या हवालदाराने मिनूला त्याच्या सुरईतलं पाणी देऊ केलं. मी त्याच्या हातातला पेला ढकलला. म्हटलं, "आप लोगों ने मेरे पिताजी की तसवीरें जला दीं." तो बिचारा ओल्या बाहीने उभा राहिला. म्हणाला, "बहनजी, फिल्म वाले टूरिस्ट तो रोज आते हैं. हम तो हाथ से ही देखते हैं." मी घरी येऊन विमानतळाच्या मोठ्या साहेबांना तक्रार लिहिली, चार पानं. पोस्टात टाकायला तुझ्याकडे दिली.

तीही काल सापडली. दुसऱ्या डबीखाली. तिकीट लावलेली, तशीच.

वहिनीला मी विचारलं, "तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "स्लाइड नव्हत्या माहीत. मिनूची शपथ." मग युनिफॉर्मची बटणं चाचपत म्हणाली, "पण पहिला शब्द मी ऐकला होता."

मग तिने सांगितलं. तू पोचलास तेव्हा बाबांना अजून हलवलं नव्हतं, तुझ्यासाठी थांबले होते. घर भरलेलं होतं. आईने सगळ्यांसमोर तुला विचारलं, "जयपूरला हे तिच्याकडे गेले होते का?" मागून काका म्हणाले, "गेले असतील तर त्यानंच जीव गेला. सोसलं नसेल." वहिनी म्हणते, तू एकदा तिच्याकडे, वहिनीकडे, पाहिलंस. मग म्हणालास, "नाही. बाबा आमच्याकडेच होते."

"मी मान खाली घातली," वहिनी म्हणाली. "मला वाटलं, आज नको, दोन दिवसांनी सांगतील."

तो शब्द मी समजू शकते, दादा. रात्रभर विचार केला, आणि समोर बाबा, भोवती काका, मामा, सगळे, तिथे मीही कदाचित तेच बोलले असते. तू मला वाचवत होतास. बापाला मारलं हा डाग तुला माझ्यावर येऊ द्यायचा नव्हता. की आठ वर्षांपूर्वी तुझ्या घरात राहून मी लग्न ठरवलं, तेव्हापासून तुझ्यावर जो ठपका होता, तो तुला पुन्हा नको होता? दोन्ही असेल. मी त्या दिवसाचं तुला माफ करते. मनापासून करते.

पण मुंबईचं कसं करू? तेराव्यानंतर तू मुंबईला दोन दिवस थांबलास. बाबांचे रोल धुवायला टाकलेस. आणि त्याबरोबर एक नवा रोल विकत घेतलास, उन्हात उघडलास, त्याची सगळी फिल्म बाहेर ओढलीस आणि तोही धुवायला टाकलास, मला दाखवायला. हे कुठे केलंस? लॉजच्या गच्चीवर? समुद्राकडे तोंड करून? मला तूच शिकवलं होतंस ना, फिल्म सावलीत घालायची. हे घाबरून तोंडातून निसटलेला शब्द नाही. ह्याला हात लागतात, वेळ लागतो, दुकानदाराशी बोलावं लागतं. तेवढ्या वेळात एकदाही तुला माझं तोंड दिसलं नाही?

आणि तू त्या स्लाइड बघितल्यास. डबीतल्या स्लाइडांचे कोपरे मऊ पडलेत, दादा. कुणीतरी त्या पुष्कळदा काढून बघितल्यात. म्हणजे बाबा तू एकट्याने ठेवून घेतलेस. माझे बाबा, माझ्या अंगणातले, माझ्या मुलीला मांडीवर घेतलेले.

शेवटच्या तीन आईच्या आहेत. मी सांगितलं होतं म्हणून तू काढल्यास. तो शब्द पाळलास. पहिल्या दोनात ती मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसली आहे, कपाळ मोकळं, कुठे बघते आहे कळत नाही. तिसऱ्यात ती सरळ कॅमेऱ्याकडे बघते आहे. किती लहान झाली होती ती! केस इतके पिकले होते, मला माहीतच नव्हतं. गेल्या वर्षी ती गेली तेव्हा मी दोन गाड्या बदलून पोचले, तोवर सगळं आटोपलं होतं. म्हणजे लग्नानंतर मी माझ्या आईचं तोंड पहिल्यांदा काल पाहिलं, एवढ्याशा चौकटीत, तुझ्या खिडकीत उभी राहून. एकाच फिल्मवर बाबा माझ्या घरात आहेत आणि आई तिच्या घरात. तिच्यासमोर ही नुसती धरायची होती. तू तिच्यापुढे कॅमेरा घेऊन उभा होतास आणि कॅमेऱ्याच्या पोटात बाबा होते.

तुझ्या शोकसभेला तुझे सगळे अफसर आले होते. एक सरदारजी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बहनजी, मेजर साहब ने कभी झूठ नहीं बोला." मी मान हलवली आणि पदराने डोळे पुसले. आता ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. आणि तेही खोटं नव्हतं, हे त्याहून वाईट. ह्या एका गोष्टीपलीकडे तू कुणाशी खोटं बोलला नाहीस. मिनूच्या टायफॉइडमध्ये सहा दिवस तू तिच्या उशाशी बसलास. गिरिराजचा कारखाना पाण्यात गेला तेव्हा गुडघाभर चिखलातून तूच कापडाचे तागे बाहेर काढत होतास. ते सगळं माझ्यापाशी आहे. ते मी टाकून देऊ शकत नाही आणि ह्याच्याशेजारी ठेवूही शकत नाही.

हॉस्पिटलात, कावीळ डोळ्यांत उतरली होती तेव्हा, तू मला विचारलंस, "कॅमेरा आहे का गं अजून?" मी म्हटलं, "आहे. कपाटात. फिल्म घालत नाही मी त्यात, मन होत नाही." तू तोंड भिंतीकडे वळवलंस. म्हणालास, "घालायला हवी होतीस." मला वाटलं, तुला माझी कीव आली. मी तुझे पाय चेपत बसले. तेव्हा शुद्धीत होतास तू. वहिनी डबा आणायला गेली होती, खोलीत आपण दोघंच होतो. एक वाक्य लागलं असतं, दादा. मी ओरडले असते, भांडले असते, कदाचित उठून गेले असते. पण दुसऱ्या दिवशी परत आले असते. आता कुठे येऊ?

आज सकाळी मी स्लाइड घरी आणल्या. मिनूने एक उचलून उन्हाकडे धरली आणि ओरडली, "मम्मी! नानाजी! पण मामा तर म्हणाला होता ना, मशीनने खाल्ले?"

"हो, म्हणाला होता."

"मतलब मामा झूठ बोला?"

मी मान डोलावली.

"क्यों बोला?"

"मला माहीत नाही."

"तो मामा से पूछो ना," ती म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं. तिने स्लाइड हळूच डबीत ठेवली, सुलटी, जशी बाबांनी तिला पाटी जपून ठेवायला शिकवली होती तशी, आणि बाहेर खेळायला गेली.

बाकीचं मी विचारणार नाही. का केलंस, कसं केलंस, ह्याची उत्तरं मीच बनवत राहीन, कधी तुझ्या बाजूने, कधी माझ्या. पण एक गोष्ट मला बनवता येत नाही. आई गेली तेव्हा तिच्याजवळ तू होतास. तूच सांगितलंस, रात्रभर तिचा हात हातात होता आणि पहाटेपर्यंत ती बोलत होती. पोरीने बापाच्या नावावर खोटं बोलावं, हे मनात घेऊन ती गेली का? की शेवटी तरी, दादा, तू तिच्या कानात सांगितलंस?